आतला लूप

सत्तेचाळीस मिनिटं लागायची.
बटण दाबून मी खाली जायचे,
कन्ना चौकात चहा घेऊन परत यायचे,
तो अजून सकाळच्या साडेनऊच्या उन्हातच.

प्रश्न साधा होता:
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
पत्र्यापासून मागापर्यंत ऊन उतरतं कसं.
सहाशे घरं आडवी, चारशे उभी,
प्रत्येक घर चार शेजाऱ्यांना विचारतं, तुझ्याकडे किती?
आणि थोडं तापतं, थोडं निवतं.
पाच हजार वेळा.

होटगीकर मॅडम म्हणाल्या, आधी मोज,
अंदाजानं कात्री चालवू नकोस.
मला वाटायचं, फाइल वाचण्यात वेळ जातो.
मोजलं. फाइलला दीड सेकंद.
बाकी सगळं एकाच ओळीत,
आतल्या लूपच्या पोटात.

तिथं एक रखवालदार बसलेला,
जुन्या गिरणीच्या फाटकावर असावा तसा.
येईल त्या आकड्याला अडवायचा:
नाव काय? पूर्णांक का दशांश?
पास दाखव. जा आत.
तोच आकडा परत आला
की परत: नाव काय?
अब्जाहून जास्त वेळा, न कंटाळता.
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं
की या पाळीला सगळे दशांशच आहेत.

नाना रात्रपाळी करून आले, स्क्रीनपाशी थांबले.
हे काय करतंय?
एकेक घर घेऊन पुढं जातंय, नाना.
एकेक?
टॉवेलनं मान पुसत म्हणाले,
एकेक धागा उचलून चादर विणली असती ना,
तर तुझं बारसं अजून व्हायचं होतं.

मग मी लूप उसवला.
अख्खा तक्ता उचलून एक घर वर सरकवला,
एक घर खाली, एक डावीकडे, एक उजवीकडे,
चारही एकावर एक, आणि बेरीज.
रखवालदारानं एकदाच विचारलं, आणि फाटक सताड उघडलं.
अकरा सेकंद.
मधल्या मधे बनणाऱ्या प्रती बंद केल्या,
तेच भांडं विसळून पुन्हा वापरलं:
सहा.

ओरडणारच होते, पण उत्तर जुळेना.
तिसऱ्या दशांशात नाही, चक्क पहिल्यात.
जुन्या उत्तरात ऊब उजव्या भिंतीकडे कललेली,
नव्यात नाही.
दोन दिवस वेगाला शिव्या घातल्या,
काठाकाठानं तपासत गेले,
एकही टाका सुटलेला नाही.

मग दिसलं.
जुना लूप डावीकडून उजवीकडे जाताना
शेजाऱ्याचं मघाचं तापमान विचारायचं सोडून
आत्ताच बदललेलं उचलत होता,
उद्याची बातमी आजच्या हिशेबात.
तीन महिने तोच चुकत होता,
सावकाश,
आणि सावकाश आहे म्हणून
मी त्याला प्रामाणिक समजत होते.

नानांना सांगितलं.
निम्मा ताणा उचललेला असताना धोटा फेकत नाहीत,
एवढंच म्हणाले, आणि झोपले.

पूर्वी एक प्रश्न पाऊण तासाला पडायचा,
म्हणून जपून विचारायचे.
आता उधळते.
पत्रा पांढरा रंगवला तर?
छत दोन हात उंच केलं तर?
झरोका पूर्वेला?
मार्च, एप्रिल, मे,
चहा गार व्हायच्या आत सगळा उन्हाळा.

दुपारी तीन, सतरा नंबरचा माग,
माणसाच्या छातीची उंची:
सेहेचाळीस पूर्णांक दोन.

सतरावर मल्लेशम असतो, नाना म्हणाले,
त्याला विचारलं असतंस
तर सहा सेकंदही लागले नसते.

खरंय. पण पांढऱ्या पत्र्याखाली
तीन अंश कमी होतात,
हे मल्लेशमलाही माहीत नव्हतं.
तो म्हणाला, कागदावर लिहून दे अक्का, मी खिशात ठेवतो.

मालकाला फाइल पाठवून
आज एकोणीस दिवस झाले.
मॅडम म्हणाल्या होत्या, आधी मोज.

मोजतेय.